जुबेदाखालाच्या नावाचं करडू

आमच्या घरात कोणतीही पहिली वस्तू आमची नसायची. ही तक्रार आहे असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या, कारण ती तक्रारच होती, आणि सतरा वर्षांच्या पोरीनं तक्रार करायची नाही तर काय करायचं? कोंबडीचं पहिलं अंडं, परसातल्या वेलीचा पहिला दोडका, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरचीची पहिली पाटी, सगळं देवाचं. देव काही दोडका खायला आमच्या वाशिमकडच्या मालेगावला यायचा नाही, म्हणून तो दोडका जायचा कुणाच्या तरी चुलीवर. बाबा तिथल्या छोट्या चर्चचे उपदेशक. पत्र्याचं छत, दोन सतरंज्या, एक ढोलकी, झांजा आणि मोजून वीस-बावीस माणसं, एवढं ते चर्च. बाबांचा नेम असा होता की वस्तू हाताशी येण्याआधीच तिच्यावर कुणाचं तरी नाव ठेवायचं. वेलीला फूल धरलं रे धरलं की संध्याकाळच्या प्रार्थनेत ते डोळे मिटून सांगायचे, "प्रभू, पहिला दोडका भीमाबाईचा." आणि मी एक डोळा उघडा ठेवून भाकरीच्या टोपल्याकडे बघत बसायचे, कारण आमेन झाल्याशिवाय भाकर मिळत नसे आणि बाबांचं आमेन शेलूबाजारला जाऊन परत आल्यासारखं उशिरा यायचं.

दुसरा नेम त्याहून कडक होता. लंगडं, किडकं, उरलंसुरलं द्यायचं नाही. "ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याले कोणी शिळी भाकर वाढते काय?" असं बाबा विचारायचे. आणि तिसरा नेम, तो आईनंच मोडला म्हणून हे सगळं रामायण घडलं, तो असा की ज्याच्या नावाचं आहे त्याला वस्तू हातात पडेपर्यंत कळू द्यायचं नाही. आशेला लावायचं नाही. चुपचाप न्यायचं, द्यायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. लोकांना वाटायचं उपदेशकबाई सहज आली होती, येता येता दोन दोडके देऊन गेली.

आई दाई होती. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, हातात कायम कार्बोलिक साबणाचा वास. जऊळक्यापासून पार शिरपूरच्या बाजूपर्यंत तिला बोलावणं यायचं. कधी बैलगाडी, कधी मोटारसायकल, कधी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती नुसता निरोप. ती गेली की घर माझ्यावर. चुलीवर आंबाडीची भाजी रटरटते आहे, शेजारी पिठाची चक्की घरघरते आहे, बाबा बाहेरच्या खोलीत रविवारचं वचन मोठ्यानं घोकत आहेत, आणि मी फुंकणीनं धूर फुंकत मनात म्हणते आहे की एकदा अकोल्याला जाऊ दे, मग बघ. अकोल्याच्या नर्सिंगच्या शाळेत जूनपासून जागा मिळेल असं पत्र आलं होतं. चर्चनं मदत करायचं कबूल केलं होतं, पांढऱ्या साड्या आई आणणार होती. फक्त यादीत शेवटी एक ओळ होती. प्रत्येक मुलीनं सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ आणावं. नाडी मोजायला. आमच्या घरात एकच घड्याळ, भिंतीवरचं, आणि तेही पाऊण तास मागं. त्या घड्याळावर नाडी मोजली असती तर मेलेला माणूसही जिवंत निघाला असता.

माझ्याजवळ एक बकरी होती. मामांनी दिलेली, मीच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, नाव मैना. पहिल्यांदाच गाभण राहिली तेव्हा मी मनात घड्याळ मनगटावर बांधूनच टाकलं. मादी झाली तर उन्हाळ्यापर्यंत वाढवायची, शेलूबाजारच्या बाजारात विकायची आणि वाशिमहून घड्याळ. पण बाबांनी त्याच आठवड्यात प्रार्थनेत नाव ठेवलं. "प्रभू, मैनाचं पहिलं पिल्लू जुबेदाचं." मी दोन्ही डोळे उघडले. "बाबा, बकरी माही हाये!" बाबा म्हणाले, "हाव, बकरी तुही. पहिलं त्याचं." बस. आमच्या घरात यापुढं वाद नव्हता. मग मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून जुळी मागायचे. देवाला एक, मला एक, सरळ हिशेब.

जुबेदाखाला म्हणजे मणियारांच्या गल्लीतली बांगडीवाली. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती गावोगाव फिरायची आणि ती गल्लीच्या तोंडाशी आली की आधी टोपलीची किणकिण यायची, मग तिची हाक. माझा हात धरून बांगड्या चढवताना इतकी दाबायची की हाडं वाजायची, आणि वर म्हणायची, "नरम कर वं हात, दगड हाये काय?" तिचा नवरा ट्रकवरून पडून गेला होता. दोन पोरं अंगावरची असतानाच गेली. एकटी शबाना तेवढी वाचली, ती माझ्याबरोबर सातवीपर्यंत होती आणि आता रिसोडला दिलेली होती. खालाच्या सासरची माणसं तिला तोंडावर मनहूस म्हणायची. ती हसून घालवायची, पण ते शब्द कुठं जातात? आत बसतात. एकदा आईनं तिला कोंबडी दिली होती, ती पंधरा दिवसांत रोगानं मेली, तेव्हा खाला म्हणाली होती, "पाह्य भाबी, मले काही मानवत नाही." आईला ते फार लागलं. म्हणून त्या दिवाळीच्या सुमाराला खाला ओट्यावर उदास बसलेली दिसली तेव्हा आईच्या तोंडून निघून गेलं, "जुबेदा, आमच्या मैनाचं पहिलं पिल्लू तुह्या नावाचं हाये, देवापुढं ठेवलं हाये." खालाचा चेहरा असा उजळला की मला त्या क्षणी दोघींचाही राग आला. त्या दिवसापासून ती येता-जाता मैनाच्या पोटावरून हात फिरवू लागली आणि बोरीचा पाला आणून टाकू लागली.

मैना व्यायली त्या दुपारी घरात मी एकटी. आई जऊळक्याला कुणाच्या तरी सुनेपाशी, बाबा चर्चच्या मंडळीतल्या एका आजाऱ्याकडे. ऊन टळलं नव्हतं. आईकडून शिकलेलं सगळं मी केलं. नाक पुसलं, काडीनं शिंक आणवली, गोणपाटानं अंग रगडलं. पहिलं करडू तांबूस, एका कानाचं टोक पांढरं, आणि असं धडधाकट की घटकेत चार पायांवर उभं राहून आईला ढुशा देऊ लागलं. मादी. मग बऱ्याच वेळानं दुसरं आलं. तीही मादीच, तशीच तांबूस, पण मुठीएवढी, जीभ निळी. तिच्या नाकात मी फुंकर घातली, छाती चोळली, मांडीवर घेऊन उन्हात बसले, "ऊठ ना वं, ऊठ ना," म्हणत राहिले. ती माझ्या मांडीवरच थंड झाली. मी खरंच रडले, हे मला इथं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल पोरगी मुळातच कसाई होती. मी रडत होते आणि रडता रडताच माझ्या डोक्यात आलं की पहिलं कोणतं आणि दुसरं कोणतं, हे फक्त मला आणि मैनाला माहीत आहे.

बाबा आले. दारातच थबकले. खाली वाकून मेलेल्या करडाला हात लावला आणि मला विचारलं, "कोणतं गेलं, रुते?"

"पहिलं गेलं, बाबा."

तीनच शब्द. मी जन्मात याच्या आधी आणि याच्या नंतर पुष्कळ खोटं बोलले आहे. दवाखान्यात तर रोज बोलले, मरणाऱ्याला बरं वाटेल म्हणाले, बापाला मुलगा आहे की मुलगी ते दहा मिनिटं उशिरा सांगितलं. पण त्या तीन शब्दांसारखं सोपं खोटं मला कधी जमलं नाही. बाबांनी परसात खड्डा खणला, करडू ठेवलं आणि प्रार्थना केली. रात्री आई आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मंग हे दुसरं देतेस काय जुबेदाले? तुह्यं हाये, तूच सांग." मी म्हटलं, "अन् घड्याळ?" आई बाबांकडे बघू लागली. बाबा म्हणाले, "राहू दे. नाव पहिल्यावर व्हतं. जबरदस्तीचं देणं देवाले नाही लागत." पुढच्या रविवारी त्यांनी मंडळीपुढं उभं राहून साक्ष दिली की देवानं आपला वाटा स्वतः उचलून नेला आणि माझ्या लेकीचा वाटा तिला राखून ठेवला, केवढा दयाळू आहे तो. वीस-बावीस माणसं आमेन म्हणाली. मी सतरंजीचे दोरे उपसत बसले होते.

खालाला आईनंच जाऊन सांगितलं. मी सोबत होते. खाला बांगड्या सुतळीत ओवत होती. ती काही रडली नाही, ओरडली नाही. हातातली सुतळी खाली ठेवून म्हणाली, "माह्या नावाचं व्हतं म्हणून मेलं, भाबी. दुसरं पाह्य कसं जितं राह्यलं. त्याच्यावर माहं नाव नवतं ना." आई म्हणाली, "काहीतरीच काय बोलतेस!" खाला म्हणाली, "आता माह्या नावानं काही ठेवू नका. मरते ते. तौबा करते मी."

तिथून माझी झोप गेली. म्हणजे झोपायची मी, पण सकाळी उठायची ती थकूनच. जेवायला बसावं तर दोन घासांत पोट भरायचं, उठून फिरावं तर कुठं जायचं कळायचं नाही. भर उन्हात मी बसस्टँडपर्यंत चालत जायची, वाशिमच्या गाडीकडे बघायची आणि परत यायची. आई म्हणायची, "काय चालू राह्यलं वं तुह्यं? पायाले भिंगरी लागली काय?" करडू वाढत होतं. मी तिला नाव ठेवलं नाही. ती माझ्या मागं मागं सगळीकडे फिरायची, ओढणी चघळायची, आणि तिच्या पांढऱ्या कानाकडे बघायचं टाळण्यात माझा अर्धा दिवस जायचा.

मग मी दान करायला लागले! हसू येतं आता. नाताळच्या करंज्या झाल्या तर माझ्या वाट्याच्या सगळ्या मी फडक्यात बांधून खालाकडे नेल्या. माझा स्वेटर धुऊन नेला. अभ्यासाची वह्या-पुस्तकं गल्लीतल्या पोरांना वाटली. आंघोळीचं पाणी दोन घरी भरून द्यायला लागले. आई बाबांना सांगायची, "पोट्टी सुधरली हो, देवानं ऐकलं." आणि बाबा असे आनंदानं बघायचे की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटे. पुढं चाळीस वर्षं मी वॉर्डात माणसांना देताना पाहिलं, केळी वाटणारे, ब्लँकेटं वाटणारे, आणि त्यांतला कोण माझ्यासारखा स्वतःला गप्प करायला देतो आहे ते मला लांबून ओळखू येतं. तो घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघतच नाही. खालानं मात्र माझ्याकडून काही घेतलं नाही. करंज्या परत, स्वेटर परत. "नको बेटा. तुह्याच अंगाले राहू दे. माह्याकडं आला त जळन-बिळन." ईदला ती नेहमी शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायची, त्या वर्षी तिनं तो शेजारच्या पोराच्या हाती पाठवला. स्वतःच्या हातानं द्यायलाही ती भिऊ लागली होती.

एप्रिलात शबाना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आई दोन दिवस त्यांच्याच घरी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पदरानं तोंड पुसलं आणि चहा न घेताच म्हणाली, "पोरगा झाला. चांगला हाये, बाळंतीणही चांगली. पण जुबेदा लेकराले हात लावून नाही राह्यली." बाबांनी विचारलं, "काहून?" "म्हणते माहा हात लागला की मरन. दाराच्या बाहेर बसून हाये काल सांजपासून. शबाना रडते, अम्मी एक डाव घ्या, एक डाव घ्या. ते भिताडाकडं तोंड करून बसली. मी लेकरू नेऊन मांडीवर ठेवाले गेली त उठून पयाली." आईचा आवाज फाटला. "असं मी कुठं पाह्यलं नाही हो. आजी नातवापासून पयते!"

बाबा म्हणाले, "चला, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू," आणि डोळे मिटले.

"नका करू!" मी किंचाळलेच. "मी खोटं बोलली. मेलं ते दुसरं व्हतं. जितं हाये ते पहिलं हाये. तिचंच हाये."

बाबांनी डोळे उघडले. शेजारची चक्की चालू होती, तिची घरघर मला आजही कानात ऐकू येते. ते म्हणाले, "मी मंडळीपुढं साक्ष दिली, रुते." एवढंच. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आई मात्र उभी पेटली. "घड्याळासाठी! अवं घड्याळासाठी त्या बाईले पाच महिने जाळलं तू? माह्या डोळ्यादेखत? अन् करंज्या नेत व्हती!" मी बाबांचे पाय धरायला वाकले तर ते मागं सरले. "मले काहून माफी मागतेस? माह्यं काय नेलं तू? जिचं नेलं तिच्याकडं जाय." मी म्हटलं, "तुम्ही चला ना संगं." बाबा म्हणाले, "नाही." आई म्हणाली, "मी बी नाही येत. खोटं एकटीनं बोलली ना? मंग एकटीनंच जाय."

मी दावं सोडलं आणि निघाले. ती आता चांगली उंच झाली होती, गुबगुबीत, बाजारात हातोहात गेली असती. घड्याळ गेलं हे मला ठाऊक होतं. अकोल्याला मी गेले ती मोकळ्या मनगटानं, आणि पहिलं वर्षभर शेजारच्या कॉटवरच्या मुलीचं घड्याळ मागून मागून नाडी मोजली, मेट्रनची बोलणी खाल्ली. पण त्या सकाळी घड्याळाचं दुःख नव्हतं, मला भीती वाटत होती. मणियारांच्या गल्लीत बायका ओट्यावर बसल्या होत्या, उपदेशकाची पोरगी बकरी ओढत चालली आहे हे बघून त्या माना वळवू लागल्या. बकरी मध्येच अडून बसायची, मी दाव्याला हिसका द्यायची. बाबा नाव ठेवून जे चुपचाप नेऊन द्यायचे, ते मला भर गल्लीत, सगळ्यांच्या नजरेपुढं न्यावं लागत होतं, आणि ते बरोबरच होतं असं मला आज वाटतं.

खाला दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती. एका रात्रीत वाळून गेलेली. आत लेकरू रडत होतं, शबाना त्याला गप्प करत होती. मी दावं तिच्या पायाशी टाकलं. "खाला, ही तुमची हाये."

"कोण म्हनते? नेऊन घाल घरी. सांगतलं ना मले काही नको म्हणून."

"तुमचीच हाये. ही पहिली आली. मेली ते दुसरी व्हती. मी बाबांले खोटं सांगतलं, मले घड्याळ पायजे व्हतं. तुमच्या नावाची मेली नाही खाला, तुमच्या नावाची हे पाहा, जिती उभी हाये. तुमच्या नावानं काही मेलं नाही. मीच खोटी हावो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बकरीकडे. मग तिनं हात पुढं करून बकरीच्या पाठीवरून फिरवला, मानेखाली, पोटाखाली, खुरांपर्यंत, जशी माणसं बाजारात बघतात तशी. "हे पहिली?" "हाव." "कसम खाय." "येशूची शपथ, खाला."

खाला उठली आणि माझ्या कानाखाली अशी लगावली की मी ओट्याच्या कडेवर जाऊन आदळले. बांगड्या भरणारा हात तो, लहानसहान नव्हे. ओट्यावरच्या बायका "अगं, अगं" करत उठल्या. मी गाल धरून उभी राहिले आणि दुसरी कधी पडते याची वाट बघत होते. दुसरी पडलीच नाही. खाला रांजणापाशी गेली होती. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, ओढणीला पुसले, काही तरी पुटपुटली आणि उंबरा ओलांडून आत गेली. आतून शबानाचा आवाज आला, "अम्मी?" मग नुसतं लेकराचं रडणं. मग तेही थांबलं.

मी बाहेरच उभी होते. जावं की थांबावं कळेना. गाल जळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बकरी ओट्याच्या कडेला अंग घासत होती. बऱ्याच वेळानं आतून खालाची हाक आली, आवाज घोगरा, रडून रडून बसलेला.

"ए पोट्टी! गेली काय?"

"नाही खाला, हाये."

"मंग उभी काहून हायेस नुसती? उन्हातून आणलं जनावर. माह्या बकरीले पाणी पाज."

मी बादली शोधायला लागले.